मदत हवी आहे: मिश्रण पद्धतीत पाण्याचं तापमान पुरेसं वाढत नाही

दहावीच्या विशिष्ट उष्माधारकता (1 ग्रॅम पदार्थ 1 अंशाने तापवायला लागणारी उष्णता) मोजायच्या प्रयोगासाठी 100 ग्रॅम तांब्याचा तुकडा उकळत्या पाण्यातून काढून 27 अंशांच्या 200 ग्रॅम पाण्यात टाकला, तर वाढ जेमतेम 3 अंश. साहजिकच आहे म्हणा: तांब्याची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. पण तापमापीवर 1-1 अंशाच्याच खुणा, त्यामुळे अर्ध्या अंशाची चूकही उत्तर बिघडवते. पाणी 100 ग्रॅम केलं तर वाढ साडेपाचच्या आसपास जाते, मात्र तुकडा पूर्ण बुडायला हवा.

दुसरी अडचण: तुकड्याला चिकटून आलेलं 1 ग्रॅम उकळतं पाणी तांब्याच्या एक दशांशाहून जास्त उष्णता आणतं. पुसत बसलं तर तुकडा निवतो. कोरड्या परीक्षानळीत ठेवून तापवावा का? आत 98 अंश गाठायला किती वेळ धरता?