एकट्यांची रांग: फायदा कुठे, तोटा कुठे

मनोरंजन उद्यानातल्या रोलर कोस्टरसारख्या खेळांना काही ठिकाणी एकट्याने बसायला तयार असणाऱ्यांची वेगळी रांग असते. ‘ही रांग म्हणजे मागल्या दाराने घुसणं’ असं काहीजण म्हणतात, ते पटत नाही. ती रांग फक्त उरलेली खुर्ची भरते. समजा २४ खुर्च्यांची गाडी दर २ मिनिटांनी सुटते: तासाला ७२० जण. चारच्या ओळीत तिघांचे गट बसले आणि फेरीमागे ३ जागा रिकाम्या गेल्या, की उरले ६३०. मात्र एकटा माणूस ओळीच्या फाटकापाशी आधीच उभा हवा. गाडी आल्यावर ‘एकटं कोण हाय?’ अशी हाळी देत फेरी अडीच मिनिटांवर गेली, तर सगळ्या खुर्च्या भरूनही ५७६च!

आपल्या सोलापूरच्या गड्ड्यातल्या (सिद्धेश्वर जत्रेतल्या) आकाशपाळण्याला हे जमायचं नाही. तिथं समोरासमोरचे पाळणे तोलून भरतात. एकासाठी चाक पुन्हा कोण थांबवणार?