नववीत गटकार्य: एक लिहिते, बाकीचे बघतात

विज्ञानवाल्या बाई:
नववी ब, ६२ मुलं. वर्ग चिंचोळा, बाकडी जड, तरी मी गट पाडते. दर वेळी तेच. एकजण अख्खा तक्ता लिहिते, एकजण रेघा आखतो, उरलेले खिडकीतून मैदान बघतात. गटाला सरसकट गुण दिले की तिची आई भांडायला येते, आणि तिचं काही चूक नाही. घटक चाचणीत कच्ची मुलं होती तिथंच. यानं निकाल खरंच सुधारतो, की साहेब तपासणीला येतात तेवढ्यापुरतं आहे हे?

निवृत्त मास्तर:
बाई, एकच तक्ता दिला की एकच हात चालणार. एकमेकांवाचून अडेल असं काम द्या. ‘वनस्पतींचे वर्गीकरण’ घ्या, पाच भाग आयते आहेत: थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा, अनावृत्तबीजी, आवृत्तबीजी. एकाला एकच भाग. सगळ्या गटांतले ब्रायोफायटावाले आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात जाऊन शिकवतात. १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला काळी, गोरी, मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांना पाण्यात पाहत होती. तिथं मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी ही जिगसॉ पद्धत काढली. ज्याला हिणवायचं त्याच्याकडेच आपल्या पेपरातला भाग आहे म्हटल्यावर ऐकून घ्यावंच लागतं. पेपर मात्र ज्याचा त्याने लिहायचा.

भूमितीवाला:
माझ्याकडे जिगसॉ चालत नाही. प्रमेयाची पहिली पायरी कळली नाही तर दुसरी शिकवणार कोण? मी अमेरिकन शिक्षण संशोधक रॉबर्ट स्लाव्हिन यांची रीत वापरतो. सराव चौघांनी मिळून, चाचणी एकट्याने, आणि स्वतःच्या आधीच्या सरासरीपेक्षा जो जितका वर जाईल तितके गुण गटाला. २० पैकी ६ वरून ९ वर आलेला पोरगा १८ वर थांबलेल्यापेक्षा जास्त मिळवून देतो. मग हुशार पोरं त्याला उत्तर सांगत नाहीत, कसं काढायचं ते सांगतात. नुसतं उत्तर चाचणीत काय कामाचं? हे गुण वर्गातच ठेवा, निकालपत्रकात नकोत. आई येणार नाही.

विज्ञानवाल्या बाई:
पटलं. पण ६२ ला ५ ने भाग जात नाही. आणि टेरिडोफायटावाला नेमका मामाच्या लग्नाला गेला तर?

निवृत्त मास्तर:
दोन गट सहाचे करा. तिथं आवृत्तबीजी दोघांत वाटा, एकबीजपत्री आणि द्विबीजपत्री. लग्नाला गेलेल्याच्या जागी शेजारच्या गटातला टेरिडोफायटावाला उसना घ्या, त्याचाच भाग दुसऱ्यांदा पक्का होईल.