नऊ वर्षांनंतरचं काय?

'चीनमध्ये शिक्षण फुकट आहे, मुलीने ठरवलं तर घरचे किती अडवणार?' हे वर कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. सक्तीचं, मोफत शिक्षण तिथे नऊच वर्षं. त्यापुढे हायस्कूलला फी पडते, मुलगी तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची असते. गरीब डोंगराळ भागात घरचे नेमके इथेच हात आखडता घेतात, कारण लग्न ठरलं तर मुलाकडून पैसे मिळणार असतात. कायद्याने मुलीचं लग्नाचं वय २० आहे, पण दुर्गम खेड्यात तो कायदा कोण पाहतो?

युनान प्रांतातल्या हुआपिंग तालुक्यात झांग ग्वेइमेइ या शिक्षिकेला रस्त्याकडेला एक मुलगी बसलेली दिसली. शेजारी टोपली आणि विळा. 'मला शिकायचंय, लग्न नाही करायचं,' म्हणून ती रडत होती. आईबापांनी ३०,००० युआन घेऊन तिचं लग्न ठरवलं होतं. बाईंनी घरी जाऊन खूप विनवलं, पण आईने जीव द्यायची धमकी दिली आणि त्यांना परतावं लागलं. वाचताना माझ्या पोटात कालवलं. पुढे २००८मध्ये बाईंनी तिथे मुलींसाठी मोफत सरकारी हायस्कूल उभं केलं. पहिल्या सहा महिन्यांत १७ पैकी ९ शिक्षक सोडून गेले, तरी त्या हटल्या नाहीत. मुलगी शाळेत यायची थांबली की त्या डोंगर चढून तिच्या घरी जात. २०११मध्ये पहिल्या तुकडीच्या ९६ मुली विद्यापीठ प्रवेशपरीक्षेला बसल्या आणि सगळ्यांना पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला.