ऋण प्रबलन आणि शिक्षा यांतला फरक नेमका कसा ओळखायचा?

प्रश्न (प्रथम वर्ष, मानसशास्त्र)
व्याख्या पाठ आहेत, पण परीक्षेत उदाहरण आलं की गडबड होते. 'ऋण' म्हटलं की शिक्षाच डोळ्यांसमोर येते. अभिजात आणि साधक अभिसंधानही (classical आणि operant conditioning, शिकण्याचे दोन प्रकार) एकमेकांत मिसळतं. शिवाय मूल भाषा प्रबलनानेच शिकतं, असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर १
'ऋण' म्हणजे वाईट नव्हे, ते वजाबाकीचं चिन्ह आहे. आधी विचारा, वर्तन वाढलं की घटलं? वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. मग बघा, काही दिलं की काढून घेतलं? दिलं तर धन, काढलं तर ऋण. हाच क्रम ठेवा.

त्याही आधी, वर्तन कोणाचं ते ठरवा. निम्मे गुण इथेच जातात. दुकानात मूल चॉकलेटसाठी रडतं, आई घेऊन देते, रडणं थांबतं. मुलाच्या रडण्याला चॉकलेट मिळालं, हे धन प्रबलन. आईच्या घेऊन देण्यामुळे रडण्याचा त्रास टळला, हे ऋण प्रबलन. म्हणून पुढच्या वेळी दोघंही तेच करतात.

आणि मध्येच एखाद्या दिवशी हार मानणं सगळ्यात महागात पडतं. अधूनमधून प्रबलन मिळालेलं वर्तन विझायला जास्त वेळ लागतो. रडण्याकडे दुर्लक्ष सुरू केलं की सुरुवातीला ते काही वेळा वाढतं. नेमकं तेव्हाच चॉकलेट दिलं, तर मूल जास्त जोरात रडायला शिकतं.

उत्तर २
अभिसंधानाचं: फळ कृतीवर अवलंबून आहे का, एवढं तपासा. पावलोवच्या प्रयोगात अन्नाआधीची टिकटिक ऐकूनच कुत्र्याला लाळ सुटू लागली. त्याने लाळ गाळली नसती तरी अन्न येणारच होतं, म्हणून ते अभिजात. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगाच्या पेटीतल्या उंदराने दांडी दाबली नाही तर दाणा नाही, म्हणून साधक.

अभिजात प्रकारात क्रमाला फार महत्त्व आहे. मेट्रोनोमची (ठरावीक लयीत वाजणाऱ्या यंत्राची) टिकटिक आधी आणि अन्न लगेच नंतर. उलट केलं तर संबंध फारच कमजोर जुळतो. विलोपनाला (शिकलेला प्रतिसाद थांबण्याला) 'विसरणं' लिहू नका. नुसती टिकटिक ऐकवत राहिलं की लाळ थांबते, पण मध्ये काही काळ गेल्यावर तीच टिकटिक ऐकवली की पुन्हा थोडी येते. शिकलेलं पुसलं गेलं असतं तर ती आलीच नसती.

उत्तर ३
भाषेबद्दल 'प्रबलनानेच' मधला 'च' काढा. स्किनरने 1957 मध्ये तशी मांडणी केली आणि 1959 मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने तिच्यावर कडक टीका केली. मराठी उदाहरण द्या: लहान मूल 'मी करलं', 'बाबा जाला' म्हणतं. घरात सगळे 'केलं', 'गेला' म्हणतात, म्हणजे हे अनुकरण नाही आणि 'करलं'ला कोणी बक्षीसही देत नाही. 'बसला', 'उठला' यांतून नियम काढून मूल तो सगळीकडे लावतं.

प्रश्नकर्ता
मग सीटबेल्ट लावल्यावर गाडीतला बीप थांबतो ते ऋण प्रबलन, आणि बेल्ट न लावल्याचा दंड म्हणजे ऋण शिक्षा?

उत्तर १
पहिलं बरोबर. दुसरंही, कारण पैसे काढून घेतले जातात; पण बेल्ट न लावणं खरंच घटलं तरच. दंड भरूनही चालक तसाच फिरत असेल, तर मानसशास्त्राच्या भाषेत ती शिक्षा ठरत नाही. बीप वाजल्यावर बेल्ट लावला तर सुटका अध्ययन, वाजण्याआधीच लावला तर परिहार अध्ययन.