मदत हवी आहे: जाझ सोलोमधले गिळलेले सूर कसे ओळखायचे?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात बँडमध्ये आल्टो सॅक्सोफोन वाजवतो. सध्या अमेरिकन जाझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या १९४५ च्या 'को-को'मधला सोलो कानाने उतरवतोय. मिनिटाला ३०० च्या आसपास मात्रा, ६४ बारची (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) दोन आवर्तनं. पहिलं अर्धं आवर्तन बसलंय. अडलंय ब्रिजमध्ये, म्हणजे आवर्तनाच्या मधल्या वेगळ्या भागात, जिथे स्केल बी, ए, जी अशी भराभर खाली सरकते.

वेग निम्मा करून ऐकलं, दोन-दोन बार लूपवर लावले, आधी सरगमात गाऊन मग वाजवलं. गाण्याचा फायदा फार झाला, बोटं आपोआप वळायला लागली. पण निम्म्या वेगात जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज फाटतो आणि घोस्ट नोट्स, म्हणजे जेमतेम ऐकू येणारे गिळलेले सूर, हरवतात. पूर्ण वेगात मात्र तिथे सूर आहे हे नक्की जाणवतं.

नोटेशन वाचता येतं, पण तयार छापील प्रत नकोय, कान तयार करायचाय. घरी हेडफोनवर ऐकतो, वाजवायला सकाळी रंकाळ्यावर जातो, त्यामुळे रियाजाच्या वेळी लॅपटॉप जवळ नसतो.

ज्यांनी बीबॉप (पार्करच्या वळणाचं वेगवान जाझ) उतरवलंय त्यांनी सांगा: असे सूर कॉर्डवरून अंदाजाने लिहायचे, की जागा मोकळी ठेवून पुढे जायचं? आणि ते नीट ऐकू यावेत म्हणून वेग किती टक्के ठेवता?