पोलो जीटी टीएसआय: रीमॅपच्या आधी खालचं माउंट बघा (वाद घालायला या)

चाकणी_जीटी
माझं म्हणणं आधी सांगतो, शिव्या नंतर घाला. फोक्सवॅगनच्या पोलो जीटी टीएसआयला रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं), डाउनपाइप, मोठा इंटरकूलर लावणारे ढिगाने भेटतात. खालच्या इंजिन माउंटकडे, म्हणजे इंजिनला बॉडीशी धरून ठेवणाऱ्या रबरी जोडाकडे (गॅरेजवाल्यांचं फाउंडेशन), कुणी ढुंकून बघत नाही. ही उलटी गंगा आहे.

हिशेब करू. १.२ लिटर टीएसआय इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, कंपनीच्याच आकड्यानुसार १७५ न्यूटन मीटर. इंजिन आडवं बसवलेलं, गियरबॉक्स आणि डिफरन्शियल त्यालाच जोडलेलं. त्यामुळे चाकांकडे जेवढा टॉर्क जातो तेवढाच उलट्या दिशेने हा अख्खा गठ्ठा फिरवायला बघतो, आणि तो अडवायचं काम माउंटांचं. पहिल्या गियरला एकूण गुणोत्तर (टॉर्क किती पट होतो ते) ढोबळ १५ धरा: २,६०० न्यूटन मीटरच्या वर. वरची माउंटं आणि खालचा डॉगबोन (हेच ते खालचं माउंट, हाडाच्या आकाराचं) यांच्यात अर्धा मीटर अंतर धरा: डॉगबोनच्या रबरावर ५,००० न्यूटनहून जास्त ओढ, म्हणजे ५०० किलोच्या आगेमागे. रीमॅपने टॉर्क जितके टक्के वाढला, तितके टक्के हीसुद्धा वाढली.

या गाडीत वजन उचलतात ती वरची दोन माउंटं, एक इंजिनच्या बाजूला आणि एक गियरबॉक्सच्या. डॉगबोन वजन उचलत नाही, फक्त पुढे-मागे जाणारा झोका धरतो. म्हणून म्हणतो, वरच्यांना हात लावू नका. डॉगबोनच्या बुशातल्या, म्हणजे त्याच्या रबरातल्या, पोकळ्या भरणारा पीयूचा (पॉलीयुरेथेनचा) इन्सर्ट घाला, ७० ते ८० शोअरचा (शोअर हे कडकपणाचं माप). ताम्हिणीत वळणावर पाय सोडून परत दिला की मधे जो रिकामा क्षण जातो आणि मग धक्का येतो, तो बराच कमी होतो. पिकअप वाढत नाही. वाढतो असं सांगणारा दुकानदार दिसला तर दुकान बदला.

सर्व्हिसबुक
हिशेब बरोबर, निष्कर्ष घाईचा. जीटी टीएसआय आली २०१३ मध्ये आणि २०२२ मध्ये भारतात पोलोच बंद झाली. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांचं रबर आज दमलेलं आहे. दमलेलं माउंट काढून त्या जागी काहीही नवीन घाला, फरक जाणवणारच. तो फरक पीयूच्या नावावर जमा होतो आणि मग असे धागे निघतात.

आधी कंपनीचा नवा डॉगबोन घाला, महिनाभर चालवा, मग बोला. वरची माउंटंही तपासा. इंजिनच्या बाजूचं खचलेलं असेल तर सगळा गठ्ठा तिरका बसतो. तशात खाली इन्सर्ट ठोकणं म्हणजे मोडक्या पायाच्या खाटेला नवी नवार.

घाटमाथा_७७
आमच्या मातोश्री मागच्या सीटवर बसतात. सिग्नलला गाडी थरथरली की विचारतात, "बंद पडतेय का रे?" माझं मत विरोधात नोंदवा.

कंपन_अभ्यासक
वाहन उद्योगात याच विषयात काम करतो, म्हणून थोडं लांब लिहितो.

डॉगबोनच्या बुशातली पोकळी राहून गेलेली नाही, मुद्दाम ठेवलेली आहे. हालचाल थोडी असते तेव्हा रबर मऊ वागतं आणि आयडलची (गाडी उभी, इंजिन चालू) थरथर बॉडीत येत नाही. जोर वाढला की पोकळी मिटते, रबर रबराला टेकतं आणि बुश झपाट्याने कडक होतो. तुमच्या पूर्ण पिकअपच्या वेळी मूळ बुशसुद्धा बऱ्यापैकी कडक झालेला असतो. इन्सर्टने तुम्ही मधला मऊ पट्टा काढून टाकता. पाय सोडून परत देताना झोका याच पट्ट्यातून जातो, म्हणून तिथला तुमचा अनुभव खरा आहे. पण किंमत त्याच पट्ट्यात मोजावी लागते.

किती, तेही सांगतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. ७५० आरपीएमला मिनिटाला १,५००, म्हणजे सेकंदाला २५. माउंटांवर बसलेल्या इंजिनचा झोक्याचा स्वतःचा ठेका समजा १० हर्ट्झ (सेकंदाला १० झोके) आहे. कंपन अडायला सुरुवात होते ती या ठेक्याच्या १.४१ पटीच्या वर, म्हणजे १४ पासून. २५ त्याच्या खूप वर आहे, गाडी शांत. माउंटं कडक करून ठेका १५ वर नेला तर हीच सीमा २१ वर येते. २५ अजून पलीकडे आहे, पण जेमतेम. त्यात थंड इंजिन, एसी, हेडलाइट आले की आरसा थरथरणार.

सरसकट विरोध नाही. पण "काही फरक पडत नाही" असं कुणी लिहिलं तर मी परत येईन.

चिखलपुरी
सगळे आयडलवरच अडकलेत! गाडी उभी करायला घेतली का? आम्ही मातीवर ऑटोक्रॉस पळवतो. सुटताना टायर पकडतो-सुटतो, पकडतो-सुटतो, त्याच तालात इंजिन झुलतं आणि पुढची चाकं आपटायला लागतात. ज्याने हा व्हील हॉप एकदा अनुभवला तो आरशाच्या थरथरीवर चर्चा करत बसत नाही. त्यात ड्राइव्हशाफ्टचे जॉइंट आणि एक्झॉस्टचा लवचीक तुकडा यांचा जीव जातो. तिन्ही माउंटं बदला, ९० शोअरच्या वर जा. अर्धवट कामं कशाला?

चाकणी_जीटी
@चिखलपुरी, तुमची गाडी ट्रेलरवर घरी जाते. माझी खंबाटकी उतरून साताऱ्याला सासरी जाते. तिन्ही बदलायचा सल्ला रस्त्यावरच्या गाडीला देऊ नका.

@सर्व्हिसबुक, नवा डॉगबोन आधी, हे मान्य. दमलेल्या बुशात इन्सर्ट घाला असं मी म्हटलंच नव्हतं. पण नवा बुशही १७५ न्यूटन मीटरच्या गाडीसाठी, सिटी ट्रॅफिक डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. रीमॅप करून टॉर्क २०० च्या पुढे नेणाऱ्याने तो तसाच ठेवावा, हे कसं?

@कंपन_अभ्यासक, तुमचा १५ हर्ट्झ तिन्ही माउंटं कडक केल्यावरचा वाटतो. फक्त डॉगबोन केला तर?

कंपन_अभ्यासक
फक्त डॉगबोननेही झोक्याचा ठेका वर सरकतो, कारण झोका धरणं हेच त्याचं काम. वर-खालीचा ठेका मात्र जवळपास तिथेच राहतो. त्यामुळे तिन्हींपेक्षा त्रास कमी, हे तुमचं बरोबर. आणि १.२ च्या डीएसजीचा (दोन क्लचांचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स) एक फायदा तुम्ही सांगायला विसरलात: ब्रेकवर पाय ठेवून उभे असताना क्लच सुटलेला असतो, त्यामुळे डॉगबोनवर ताण नसतो. सिग्नलला तुम्ही सुटता.

नटबोल्ट
तत्त्वज्ञान छान चाललंय, आता पान्याकडे या. या माउंटांचे बरेचसे बोल्ट एकदाच वापरायचे असतात: ठरलेला टॉर्क द्यायचा आणि वर ठरलेला कोन फिरवायचा, त्यात बोल्ट ताणला जातो. सोडला की नवा. नाक्यावर जुनाच बोल्ट इम्पॅक्ट गनने ठोकतात आणि पुढे खालून टकटक आली की पीयू बदनाम. दुसरं, बोल्ट पूर्ण आवळायच्या आधी इंजिन हाताने हलवून आपोआप जिथे बसतं तिथे बसू द्या. ओढून-ताणून आवळलेला डॉगबोन नवा असूनही थरथर देतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतील.

सर्व्हिसबुक
+१. आणि विमा-आरटीओची भीती घालणारे येण्याआधीच सांगतो: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलाविरुद्ध केलेल्या बदलांबद्दल आहे. बुश त्यात येत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर ती मात्र वेगळी गोष्ट.

नवखा_एक_लिटर
माझी २०२० ची जीटी, १.० टीएसआय ऑटोमॅटिक. टॉर्क तोच १७५. म्हणजे हाच इन्सर्ट मलाही चालेल ना?

कंपन_अभ्यासक
नको. तीन सिलिंडर आहेत, दर फेऱ्याला दीड स्फोट. ७५० ला सेकंदाला १८.७५ होतात. वरचं २१ चं गणित परत वाचा: तुम्ही सीमेच्या अलीकडे पडता, माउंट कंपन अडवायच्या ऐवजी वाढवून देईल. शिवाय तुमच्याकडे डीएसजी नाही, टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा) आहे. ब्रेकवर उभे असतानाही तो 'डी'मध्ये ओढत राहतो, म्हणजे डॉगबोन कायम दाबलेला.

चाकणी_जीटी
याच्याशी सहमत. माझा धागा १.२ पुरताच. एक लिटरवाल्यांनी मूळ डॉगबोन ठेवा आणि ते पैसे टायरवर घाला.

चिखलपुरी
टायर चांगले घातलेत की व्हील हॉप वाढतो. मग याल माझ्याकडेच.