४५ पौंडी रिकर्व्हसाठी ब्रॉडहेड कोणतं घ्यावं आणि धार कशी लावावी?

नोवायकर:

नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये नोवायला राहतो, वय ३१. दोन वर्षं क्लबात रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, चालवतोय. चाकांचं कंपाउंड नाही, साधं तीन तुकड्यांत सुटणारं टेकडाउन. त्यावर ‘२८ इंचांला ४५ पौंड’ असं लिहिलंय, माझी ओढ, म्हणजे दोरी मागे खेचायचं अंतर, २६ इंच भरते. बाण सीडरच्या लाकडाचे, तीन पिसांचे, पुढे १२५ ग्रेनचे (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) फील्ड पॉइंट, म्हणजे सरावाची बिनपात्यांची टोकं. १५ यार्डांवर सहाच्या सहा बाण जेवणाच्या ताटात बसतील एवढ्या जागेत पडतात.

हंटर सेफ्टीचा कोर्स झाला आहे, परवाना काढणार आहे, आणि एका सहकाऱ्याने त्याच्या ४० एकर रानात बसायची परवानगी दिली आहे. १ ऑक्टोबरला हरणांचा बो सीझन, म्हणजे धनुष्याने शिकारीचा हंगाम, सुरू होतो. हा माझा पहिलाच.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचं पात्यांचं टोक, दोन पात्यांचं, तीन पात्यांचं की एकाच बाजूने घासलेलं सिंगल बेव्हल, काय घेऊ? दुकानात सांगितलं की बदलत्या पात्यांचं घे, धारेची कटकटच नाही. दुसरं म्हणजे, मी झ्विकी एस्किमो या दोन पात्यांच्या टोकांचं एक पाकीट आणून ठेवलं आहे, पण त्याला येताना धार अशी नव्हतीच. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या ओढायच्या खाचेच्या धारयंत्रातून ते काढलं. आता भिंगातून बघितलं तर काठ करवतीसारखा दिसतो आणि कागद कापायच्या ऐवजी फाटतो. पाकीट वाया गेलं का?

शिकार करावी की नाही, हा प्रश्न इथे नको, ही विनंती. भारतात बंदी आहे ते ठाऊक आहे. जे करणार आहे ते नीट करायचं आहे, एवढंच.

कानस_फिटर:

वय लिहिलंस म्हणून अरे-तुरे करतो. पाकीट वाया गेलेलं नाही. एस्किमो कार्बन स्टीलचं आहे, कानशीला ऐकतं. खाचेच्या यंत्राने काठ ओरबाडला गेलाय, तेवढा भाग घासून काढला की खाली चांगलं लोखंड आहे.

मी सांगलीला आयटीआयमध्ये फिटर झालो. पहिले कित्येक आठवडे आम्हाला दुसरं काही दिलंच नाही, माइल्ड स्टीलचा ठोकळा आणि एक कानस. गुण्या लावून खालून उजेड दिसला की पुन्हा घास. तेव्हा कंटाळा यायचा. पुढे पिंपरीत टूलरूम, मग मिशिगनमध्ये डायच्या कारखान्यात २२ वर्षं. लाँगबो, म्हणजे साधं लांब धनुष्य, हातात घेऊन आता १७ सीझन झाले. हे अशासाठी सांगतो की धनुर्विद्येत माझ्यापेक्षा पुढे गेलेले पुष्कळ आहेत, पण धारेबद्दल मी जे बोलतो ते हातातून आलेलं आहे.

आधी निवड. तुझ्या धनुष्यावर ४५ लिहिलंय ते २८ इंचांच्या ओढीला. तू २६ ओढतोस. इंचामागे दोन-अडीच पौंड कमी धर, म्हणजे तुझ्या बोटांवर ४० च्या आसपास येतात. हे तू विसरू नकोस, सगळा हिशोब इथून सुरू होतो. ४० पौंडांत उघडझाप करणारी मेकॅनिकल टोकं अजिबात नकोत, ती उघडण्यातच बाणाची ताकद जाते. बदलती पाती पातळ असतात, हाडाला लागली की वाकतात किंवा तुटतात. दुकानदाराने कंपाउंडच्या हिशोबाने सांगितलं असेल. तुला हवं दोन पात्यांचं, लांबट, घट्ट बांध्याचं टोक, म्हणजे तू आणलंस तेच. डेल्टा हे त्याच कंपनीचं टोक, पण जास्त रुंद, ते जड धनुष्याला. मिशिगनचा नियम १४/१६ इंच किमान रुंदीचा आहे, एस्किमो त्यात आरामात बसतं.

सिंगल बेव्हल चांगलं टोक आहे, हाडात शिरताना ते फिरतं आणि हाड उकलतं. पण उजव्या बेव्हलला उजव्या पंखाची पिसं लागतात, डाव्याला डाव्याची. उलटसुलट झालं तर पिसं बाणाला एकीकडे फिरवतात आणि टोक दुसरीकडे. शिवाय ते वजनदार बाणावर शोभतं. पहिल्या वर्षी त्यात पडू नकोस.

आता धार. आठ किंवा दहा इंची मिल फाइल, म्हणजे एकेरी दातांची सपाट कानस, घे. नवीच घे, गॅरेजमधली जुनी नको. तिच्यावर पांढरा खडू घास, म्हणजे लोखंडाचा कीस दातांत अडकून काठावर ओरखडे पडत नाहीत. ब्रॉडहेड नुसतं बोटांत धरायचं नाही. बाणाच्या जाडीच्या लाकडी दांड्याचा वीतभर तुकडा घे, त्याला बाणासारखाच निमुळता छेद दे आणि गरम ग्लूने टोक त्यावर बसव. ती तुझी मूठ. डाव्या हातात जाड चामड्याचा मोजा.

कानस व्हाइसमध्ये आडवी बांध, आणि इथे बहुतेक जण चुकतात. कानस एकाच दिशेने कापते. आपण हाताने कानस ढकलतो तेव्हा ती पुढे जाताना कापते. पण कानस बांधून काम हलवलं की दिशा उलटी होते. म्हणून तिची शेपटी (मूठ बसते ते निमुळतं टोक) आपल्यापासून लांब राहील अशी बांध, मग ब्रॉडहेड पुढे ढकलताना कापेल. परत आणताना उचलायचं, घासत आणायचं नाही. घासत आणलं की कानशीचे दात मरतात.

कोन एका बाजूला २० ते २५ अंश. कोनमापक लागत नाही. बेव्हलवर, म्हणजे काठाच्या उतरत्या पट्ट्यावर, काळा मार्कर फिरव, दोन हात मार आणि बघ. शाई फक्त खांद्यावरून, म्हणजे पट्ट्याच्या आतल्या कडेवरून, गेली असेल तर तू फार चपटं धरलंस, फक्त काठावरून गेली असेल तर फार उभं. पूर्ण पट्टा पांढरा निघाला की तो कोन मनगटात बसव. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला काठावर बारीक तार उभी राहीपर्यंत. कारखान्यात आम्ही तिला बर म्हणायचो. अंगठ्याचं पेर काठावरून आडवं, बाहेरच्या दिशेने सरकवलं की ती लागते. काठाच्या लांबीत बोट कधी फिरवू नकोस. ही बर मागच्या टोकापासून थेट अणीपर्यंत सलग हवी. मध्ये एक सूतभर जागा सुटली तर तिथे धार नाही, कितीही चकाकली तरी नाही. सलग झाली की बाजू बदल. मग पाच-पाच, तीन-तीन, एक-एक हात, दाब प्रत्येक वेळी कमी. शेवटचे हात नुसत्या ब्रॉडहेडच्या वजनाचे वाटले पाहिजेत.

काही जुने तिरंदाज इथेच थांबतात, कानशीचा खरबरीत काठ त्यांना आवडतो. मला तो पटत नाही. मी पुढे बारीक दगडावर थोडे हात मारतो आणि मग पट्ट्यावर घेतो. लहानपणी न्हाव्याच्या दुकानात खुर्चीला लटकलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा चालायचा, तेच हे. जुना कमरेचा पट्टा फळीवर चिकटव, पॉलिशची हिरवी वडी घास, आणि काठ मागे ठेवून ओढ. काठ पुढे ठेवलास तर चामडं कापेल.

परीक्षा रबर बँडची. डब्यावर सैलसर ताणून बसव आणि ब्रॉडहेड हलकेच टेकव. टेकताच तुटला पाहिजे. आधी सरकला आणि मग तुटला, तर परत कानशीकडे. हरणाच्या छातीत रक्तवाहिनी तशीच असते, ओली आणि सरकणारी. बोथट पातं तिला बाजूला ढकलून पुढे जातं.

माझ्या दुसऱ्या सीझनची गोष्ट सांगतो. ऑगस्टमध्ये सहा बाण वस्तऱ्यासारखे केले आणि भात्यात खोचले. ऑक्टोबरच्या शेवटी मचाणापासून १६ यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली. बाण छातीच्या जरा मागे लागला. अर्धा तास थांबलो, उतरलो, सुमारे ३०० पावलं रक्त दिसलं, मग थेंब, मग काहीच नाही. त्या रात्री कंदील घेऊन आणि दुसरा सगळा दिवस शेजाऱ्यासोबत ओढ्याकाठची झुडपं धुंडाळली. ती सापडली नाही. घरी आल्यावर भात्यातले उरलेले पाचही बाण रबर बँडवर लावले, एकानेही स्वच्छ कापलं नाही. दोन महिने भात्याच्या फोममध्ये आत-बाहेर होऊन आणि दवाने गंज धरून काठ गेला होता. बाण मागे लागला ही चूक माझीच. पण धार असती तर ती चूक त्या जनावराला तेवढी लांब वाहावी लागली नसती, असं मला आजही वाटतं. तेव्हापासून मचाणावर जायच्या आदल्या रात्री प्रत्येक पातं बघतो, आणि काठाला व्हॅसलिनचा पुसट हात देतो. खोबरेल वापरू नकोस, इथल्या थंडीत ते गोठतं.

एक राहिलं. अणी सुईसारखी ठेवू नकोस. हाडाला लागली की वळते आणि वळली की बाण तिथेच अडतो. कानशीचा एकेक हात देऊन ती किंचित पटाशीसारखी कर.

मॅडिसनची:

काकांचं धारेबद्दलचं सगळं मान्य, निवडीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मी विस्कॉन्सिनमध्ये ४१ पौंडांच्या लाँगबोने शिकार करते आणि तीन पात्यांचं सलग पोलादी टोक वापरते. कारण एकच. मला हाताने कोन धरता येत नव्हता. तीन पात्यांचं टोक कानशीवर आडवं ठेवलं की दोन पाती आपोआप टेकतात, कोन टोकच ठरवतं. दहा हात, मग फिरव, दहा हात, फिरव. पहिल्याच संध्याकाळी रबर बँड कापला. दोन पात्यांवर मी महिनाभर झगडले होते.

काठ ६० अंशांचा येतो, दोन पात्यांपेक्षा बोजड, हे खरं. म्हणून मी बाण ५१० ग्रेनचा ठेवते आणि १५ यार्डांपलीकडे सोडत नाही. नोवायकर, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत एस्किमोला रबर बँडवाली धार आली नाही, तर हट्ट धरू नका, तीन पात्यांचं घ्या. बोथट दोन पात्यांपेक्षा धारदार तीन पाती केव्हाही बरी.

कानस_फिटर:

ताईंचं शेवटचं वाक्य मी खोडणार नाही. मी कानशीवर वाढलो म्हणून मला कोन सोपा वाटतो, सगळ्यांना वाटेलच असं नाही. नोवायकर, तुझा हात काय म्हणतो ते बघ आणि त्याप्रमाणे घे. फ्रेड बेअर यांचा धनुष्यबाणांचा कारखाना आपल्याच राज्यात ग्रेलिंगला होता, तिथून १९५६ मध्ये रेझरहेड नावाचं ब्रॉडहेड निघालं. तेही दोन पात्यांचंच, वर ब्लेडसारखं एक पातळ आडवं पातं सरकवायची सोय. म्हणजे धार लावायची अडचण लोकांना तेव्हाही होतीच.

नोवायकर:

काका, ताई, मनापासून आभार. नवी कानस आणली, खडू, मार्कर, मूठ, सगळं सांगितलं तसं केलं. पहिली दोन टोकं बिघडवली. अणीजवळ बर येतच नव्हती, मग लक्षात आलं की शेवटी माझं मनगट वर उचललं जातंय. तिसऱ्याने रबर बँड टेकताच कापला. बायकोला उठवून दाखवलं.

पण आता नवीन अडचण. एक टोक सरावासाठी बाजूला काढून बाणावर चिकटवलं. १५ यार्डांवर फील्ड पॉइंट मध्यावर आणि ब्रॉडहेड चार इंच डावीकडे. दहापैकी दहा वेळा. मी उजव्या हाताचा आहे. दांडे ५०-५५ स्पाइनचे (स्पाइन म्हणजे दांड्याचा ताठपणा, पौंडांत) आहेत, धनुष्य ४५ चं म्हणून थोडे वरचे घेतले होते.

कानस_फिटर:

आधी टोक सरळ बसलंय का बघ. बाणाची अणी कडक लाकडावर टेकवून भोवऱ्यासारखा फिरव. सांध्याजवळ थरथरला तर टोक हलकं गरम कर, थोडं फिरवून बसव, पुन्हा बघ. लाकडी बाण आहे म्हणून हे चालतं, कार्बनच्या बाणाला ज्योत दाखवायची नाही.

सरळ असूनही डावीकडेच जात असेल तर दांडा ताठ आहे. उजव्या हाताच्या माणसाचा ताठ बाण डावीकडे जातो. फील्ड पॉइंटवर पिसं ती चूक झाकतात, पण ब्रॉडहेडची पाती हवेत पंखासारखी वागतात आणि झाकलेलं उघडं पाडतात. दांडे ४५ च्या हिशोबाने, त्याच्याही वरचे घेतलेस आणि ओढतोस ४०. डझनभर दांडे फेकू नकोस. आधी १४५ आणि १६० ग्रेनचे फील्ड पॉइंट आणून लाव, पुढचं वजन वाढलं की दांडा मऊ वागतो. १६० ला पिसं काढलेला बाण आणि पिसांचा बाण शेजारी पडायला लागले, तर त्याच वजनाची टोकं घे. वजन वाढल्याने तुझ्या ४० पौंडांना फायदाच आहे. त्यानेही जमलं नाही तर ४०-४५ चे सहा दांडे माग.

आणि सरावाला वापरलेलं टोक तसंच भात्यात टाकू नकोस. फोमच्या लक्ष्यातून दहा वेळा निघालेलं पातं बोथट असतं. त्याच्या बाणाच्या खाचेवर लाल रंगाचा ठिपका दे, म्हणजे पहाटेच्या अंधारातही ते शिकारीच्या बाणांत मिसळणार नाही.

नोवायकर:

१६० चे मागवले. तोवर उरलेल्या टोकांवर मनगट न उचलता कानस. रविवारी फोटो टाकतो.